मी शेजारी बसले की तो लिहितो, उठले की थांबतो : वर्गात मदत किती करावी आणि कशी काढून घ्यावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण नुकत्याच सहायक शिक्षिका म्हणून रुजू झाला आहात. दिवसाचा पहिला भाग बालवर्गात आणि उरलेला वेळ दुसरीच्या वर्गात जातो. दुसरीतल्या सात वर्षांच्या एका मुलाशेजारी आपण बसलात की तो वही पूर्ण करतो. आपण उठलात की त्याची पेन्सिल थांबते. वही भरलेली असल्यामुळे वर्गशिक्षिका आणि पालक दोघेही समाधानी आहेत, आपल्याला मात्र कुठेतरी चुकते आहे असे वाटते. शिवाय बालवर्गात मुले खेळत असताना आपण नेमके काय करावे, हेही आपण विचारले आहे.

आपली शंका रास्त आहे. ती भरलेली वही दोघांनी मिळून लिहिलेली आहे आणि त्यात त्या मुलाचा वाटा किती, हे वहीकडे पाहून कोणालाच सांगता येणार नाही, आपल्यालाही नाही. सहायक शिक्षिकेच्या कामाचे मोजमाप करायचे असेल तर ती उठून गेल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत मूल काय करते ते पाहावे. बालवर्ग आणि प्राथमिक वर्ग मिळून माझी बरीच वर्षे या कामात गेली आहेत, आणि सुरुवातीच्या काळात मी स्वतः नेमके आपल्यासारखेच करत होते, म्हणून हे जरा ठामपणे लिहिते.

ही अडचण केवळ आपल्या वर्गाची नाही. इंग्लंड आणि वेल्समधील शाळांत २००३ ते २००८ या काळात सहायक कर्मचाऱ्यांच्या कामाचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना सहायकांची मदत सर्वाधिक मिळत होती, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांच्या तुलनेत कमी झाल्याचे त्यात दिसले. मुळातच मागे असलेल्या मुलांना जास्त मदत मिळणार, हे उघड आहे. पण मुलांची आधीची पातळी आणि त्यांच्या विशेष गरजा हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरला. संशोधकांनी दोष सहायकांच्या माथी मारला नाही, हे मुद्दाम सांगते. सहायकांना पाठाची पूर्वतयारी करायला वेळच मिळत नव्हता, सर्वांत अडलेली मुले शिक्षकांऐवजी त्यांच्याच हाती सोपवली जात होती आणि अशा परिस्थितीत त्यांचे लक्ष साहजिकच काम ‘उरकण्या’कडे जात होते. मूल अडले की उत्तर सांगून टाकणे, हा त्यातूनच आलेला मार्ग. आपल्या वर्णनात हे तिन्ही धागे दिसतात.

शिक्षणशास्त्रात या मदतीसाठी परांचीची उपमा वापरतात. भिंत बांधताना गवंडी ज्यावर उभा राहतो ती परांची. ती काढायची आहे हे ठरवूनच बांधलेली असते. ही उपमा १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या एका शोधनिबंधातून रूढ झाली. (ती रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्की यांची आहे असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते १९३४ मध्येच वारले. मूल आज जे मोठ्यांच्या आधाराने करू शकते ते उद्या एकटे करू शकेल, हा विचार मात्र त्यांचाच.) त्या प्रयोगात तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा होता आणि एक शिक्षिका त्यांना जरुरीपुरती मदत करत होती. मूल वैतागू नये याची काळजी घेणे हा मदतीचा भाग आहे, असे त्यांनी नोंदवले. परंतु त्यातला मोठा धोका म्हणजे मूल शिक्षिकेवर अवलंबून राहू लागते, हेही तिथेच लिहून ठेवले. आपल्या मुलाच्या बाबतीत झाले आहे ते हेच. तो वैतागू नये म्हणून बांधलेली परांची तशीच राहिली आणि आता तो भिंतीऐवजी परांचीवरच टेकला आहे.

मात्र म्हणून उद्यापासून त्याच्याजवळ बसणे एकदम बंद करू नका. आधी तो का थांबतो ते शोधावे लागेल, कारण ‘थांबतो’ या एका क्रियापदाच्या मागे निदान पाच-सहा वेगवेगळी कारणे असू शकतात. त्यासाठी तीन दिवस फक्त पाहा. त्याच्यापासून दोन बाकांवर, तो आपल्याकडे सहज वळून पाहू शकणार नाही अशा ठिकाणी बसा आणि जे दिसते तेवढेच वहीत टिपा. ‘आळशी आहे’, ‘लक्ष नाही’ ही मते झाली, निरीक्षणे नव्हेत. ‘सूचना दिल्यावर शेजाऱ्याच्या वहीत पाहिले, मग पान उलटले’. ‘तिसऱ्या ओळीनंतर हात झटकला’. ‘फळ्याकडे पाहताना डोळे बारीक केले’. ‘पहिला शब्द तीनदा खोडला’, असे लिहा. तिसऱ्या दिवशी ही पाने सलग वाचली की बहुधा एक आकृती दिसू लागते.

समजा, तो दर वेळी सूचना झाल्यावर आधी शेजाऱ्याकडे पाहतो. त्याला सूचना ऐकूच येत नसेल काय, हा पहिला प्रश्न. लहान मुलांच्या मधल्या कानात पडद्यामागे द्रव साचून राहणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे आणि तिच्यामुळे ऐकू येणे दिवसागणिक कमीजास्त होते. सर्दी झालेल्या आठवड्यात मूल ‘ऐकत नाही’ आणि पुढच्या आठवड्यात नीट ऐकते, तेव्हा मोठ्यांना तो हट्टीपणा वाटतो. शेजारी बसून आपण सूचना पुन्हा सांगता, ती जवळून आणि समोरून सांगितल्यामुळे त्याला कळते आणि तो लिहू लागतो. म्हणजे आपण त्याला शिकवत नसून त्याचा कान झालेला असता. अशा वेळी पालकांशी बोलून तपासणी करून घेणे, हीच खरी मदत. डोळ्यांचेही तसेच. हात झटकत असेल तर हाताची ताकद आणि पेन्सिलची पकड पाहावी. जन्माच्या वेळी मनगटातील आठही छोटी हाडे कूर्चेच्याच रूपात असतात आणि पुढे कित्येक वर्षे ती टप्प्याटप्प्याने टणक होत जातात, त्यामुळे काही मुलांचा हात सातव्या वर्षीही लवकर दमतो, यात नवल नाही. अशा मुलाला उत्तर येत असते, पण लिहिण्याचे ओझे वाटते. त्याने पाचऐवजी दोन वाक्ये लिहावीत आणि उरलेली तोंडी सांगावीत, असे वर्गशिक्षिकेशी बोलून ठरवता येते.

आणि पहिला शब्द तीनदा खोडत असेल, तर हे मूल चुकीला घाबरते. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा हेच कारण निघाले आहे, आणि त्यात शेजारी बसणाऱ्या माणसाचा हात असतो. माझाच एक प्रसंग सांगते. दुसरीतली एक मुलगी ५२ वजा २७ हे उदाहरण करत होती. तिने ३५ लिहिले. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन वजा केले होते, जे या वयातली असंख्य मुले करतात. मी म्हटले, “नक्की?” तिने क्षणात खोडले आणि २५ लिहिले. मी खूश झाले. थोड्या वेळाने तिने दुसरे एक उदाहरण अगदी बरोबर सोडवले आणि केवळ खात्री करून घ्यावी म्हणून मी पुन्हा म्हटले, “नक्की?” तिने तितक्याच झटकन बरोबर उत्तर खोडले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. तेव्हा माझ्या लक्षात आले की ती वहीत पाहून गणित सोडवतच नव्हती. ती माझ्या भुवया वाचत होती आणि त्यात चांगलीच तरबेज झाली होती. त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. ‘नक्की?’ हा शब्द वापरणे सोडले, आणि उत्तर बरोबर असो वा चूक, त्याच आवाजात “हे कसे काढलेस ते मला ठोकळ्यांनी दाखव” असे म्हणू लागले. पाच दशकांच्या कांड्या आणि दोन सुटे ठोकळे समोर ठेवून त्यातून सत्तावीस काढायला गेली, तेव्हा सात सुटे कुठून आणायचे हा प्रश्न तिला स्वतःलाच पडला. एक कांडी सुटी करावी लागेल, हे तिने शोधले. त्याला तिला बरीच मिनिटे लागली आणि त्या दिवशी तिच्या वहीत एकच उदाहरण झाले.

मुलाच्या चुकीत बहुधा काही विचार दडलेला असतो आणि तो विचार सापडल्याशिवाय केलेली मदत वाया जाते. मराठीतून अंक शिकणाऱ्या मुलांचीच गोष्ट घ्या. ‘एकोणचाळीस’ ऐकून मूल ४९ लिहिते, कारण त्याने शब्दातला ‘चाळीस’ बरोबर ऐकलेला असतो. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे त्याला कोणी उलगडून सांगितलेले नसते. ‘पंचवीस’ लिहायला सांगितल्यावर मूल आधी कोणता अंक लिहिते ते पाहा. आपल्या भाषेत पाच आधी उच्चारला जातो, म्हणून काही मुले आधी ५ लिहितात. त्यातली काही त्याच्या डावीकडे २ लिहून बरोबर उत्तर मिळवतात, तर काही उजवीकडे लिहून ५२ करून ठेवतात. पूर्ण झालेल्या वहीत ही दोन मुले ‘बरोबर’ आणि ‘चूक’ अशी दिसतात. प्रत्यक्षात दोघांचीही अडचण एकच असते आणि ती फक्त शेजारी बसून हात पाहणाऱ्यालाच दिसते. सहायक शिक्षिकेची जागा या कारणासाठी मोलाची आहे. तीस-चाळीस मुलांपुढे उभ्या असलेल्या वर्गशिक्षिकेला हे दिसणे शक्यच नाही. अक्षरे लिहिताना हेच वेलांटीचे होते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते पण नंतर उच्चारली जाते. ‘दिवस’ लिहिताना जे मूल आधी ‘द’ काढून मग अलीकडे वेलांटीला जागा शोधते, ते ध्वनीच्या क्रमाने अगदी तर्कशुद्ध चाललेले असते. त्याला ‘चुकलास’ म्हणण्यापेक्षा “तुला बरोबर ऐकू आले, लिहिताना मात्र ही आधी येते” असे सांगितले की ते लवकर सुधारते.

आता प्रत्यक्ष मदतीविषयी. मूल अडले की आपण कमीत कमी मदतीपासून सुरुवात करावी आणि गरज पडली तरच एकेक पायरी पुढे जावे. अगदी पहिली पायरी म्हणजे थांबणे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी वर्गातल्या संवादांचा अभ्यास करून १९७० च्या दशकात दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात; तेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले की मुलांची उत्तरे लांबतात आणि ‘माहीत नाही’ कमी होते. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण गप्प बसून मोजून पाहा, फार अवघडल्यासारखे होते. लिहिण्याच्या कामात तर मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. त्यानंतरही काही घडले नाही तर “आता काय करायचे आहे ते मला सांग” असे म्हणावे. पुष्कळदा सूचना स्वतःच्या शब्दांत सांगताना मुलाची गाडी सुरू होते. नाही झाली, तर एखादी खूण करावी : भिंतीवरच्या तक्त्याकडे, कालच्या पानाकडे, ठोकळ्यांच्या डब्याकडे. तरीही अडले तर तशाच दुसऱ्या उदाहरणावर आपण मोठ्याने विचार करत दाखवावे आणि मूळ उदाहरण त्याच्यासाठी राखून ठेवावे. अगदी शेवटी एखादी पायरी आपण स्वतः सांगावी, पण तीही एकच. आपण पेन्सिल हातात घेऊन त्याच्या वहीत लिहू नये, हा नियम मी स्वतःपुरता अपवादाशिवाय पाळते. लिहायचे तर माझ्या कागदावर. आणि त्या दिवशी कोणत्या पायरीपर्यंत जावे लागले, ते दोन शब्दांत टिपून ठेवते. गेल्या सोमवारी दाखवून द्यावे लागले आणि या सोमवारी नुसत्या खुणेवर भागले, तर मूल पुढे सरकले आहे, मग त्याच्या पानावर तीनच ओळी का असेनात.

वाचताना अडलेल्या मुलाला शब्द पटकन सांगण्याचा मोह फार होतो. तिथेही थांबावे, मग पहिल्या अक्षरापाशी बोट नेऊ द्यावे, जोडाक्षर असेल तर ते फोडून वाचू द्यावे. चित्र पाहून शब्द ओळखायला सांगू नये. त्याने अंदाज बांधण्याची सवय लागते आणि तिसरी-चौथीत चित्रे कमी झाली की ती अंगलट येते. शब्द सुटला की अख्खे वाक्य पुन्हा वाचायला सांगावे, कारण अडखळण्यात अर्थ निसटलेला असतो. मूल आधीच तीन-चार शब्दांवर अडखळून थकले असेल, तर मात्र शब्द सांगून टाकावा आणि पुढे जावे. नियम पाळताना मुलाचा चेहराही पाहावा.

घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाविषयी एक इशारा द्यायला हवा. असे मूल नव्या भाषेच्या वर्गात काही आठवडे, कधी काही महिने जवळजवळ बोलत नाही. ते ऐकत आणि साठवत असते. त्याला बोलते करण्यासाठी सर्वांसमोर प्रश्न विचारत राहिले तर ते आणखी मिटते. पुढे ते मैदानावर फडाफडा बोलू लागले की ‘आता याला भाषा येते’ असे गृहीत धरले जाते, तेही घाईचेच. कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे की रोजच्या बोलण्याची भाषा साधारण २ वर्षांत जमते, पण पुस्तकातली, विचार मांडण्याची भाषा समवयस्कांच्या बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षे लागतात. पालकांना ‘घरीही शाळेचीच भाषा बोला’ असे सांगू नका. जी भाषा पालकांना पूर्ण येते तिच्यातच मुलाला गोष्टी, वाद, थट्टा, कारणे ऐकायला मिळतात.

बालवर्गातला आपला प्रश्न वरकरणी वेगळा आहे, पण मुळात तोच. तिथे मुले खेळत असताना मोठी माणसे दोन टोकांना जातात : एकतर कोपऱ्यात उभी राहून राखण करतात, नाहीतर खेळात शिरून परीक्षा घेतात. तीन मुले ठोकळ्यांचा पूल बांधत आहेत असे समजा. आपण जवळ जाऊन “हा कोणता रंग? हे किती ठोकळे?” असे विचारले, की ती उत्तरे देतात आणि पूल बाजूला राहतो. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न विचारून आपण त्यांचा खेळ मोडलेला असतो. त्याऐवजी खाली बसावे, एक मिनिट काही बोलू नये, मग जे दिसते ते साध्या शब्दांत म्हणावे : “या बाजूचा खांब उंच झाला आहे.” बहुतेक वेळा कोणीतरी म्हणते, “म्हणून गाडी घसरते!” आणि दुसरे मूल लगेच त्यावर उपाय सुचवते. ‘उंच’, ‘उतार’, ‘आधार’, ‘तोल’ हे शब्द आपण त्या क्षणी, त्या वस्तूकडे पाहत वापरले तर ते टिकतात. पूल पडला तर लगेच सावरू नये. पडल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात मुले जे बोलतात ते लक्ष देऊन ऐकण्यासारखे असते.

एखादे मूल कोणात न मिसळता नुसते पाहत उभे असेल, तर त्याला ओढून खेळात बसवण्याची घाई नको. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच मुलांच्या खेळातील सहभागाचे जे प्रकार वर्णन केले, त्यात ‘पाहत राहणे’ हा एक स्वतंत्र प्रकार होता, आणि दोन मुलांनी शेजारीशेजारी पण आपापले खेळणे हाही. पाहणारे मूल खेळाचे नियम शिकत असते. आठवडा उलटून गेला तरी ते तिथेच असेल, तर आपण स्वतः त्याच्याशेजारी तोच खेळ मांडून बसावे. बोलावू नये, जागा मात्र ठेवावी.

अंगावरची कामे, म्हणजे बुटाचे बंद, बटणे, चेन, दप्तर भरणे, ही बालवर्गातली फार महत्त्वाची शिकवणी आहे आणि घाईत सर्वांत आधी तीच बुडते. इथे एक युक्ती सांगते, जी मला फार उपयोगी पडली. काम शेवटाकडून शिकवावे. स्वेटरची चेन अडकवून पाऊण वर आपण ओढावी आणि शेवटचे चार बोटे अंतर मुलाने ओढावे. काही दिवसांनी अर्धी, मग फक्त अडकवून देणे, मग तेही नाही. सुरुवातीपासून शिकवले तर मूल अवघड जागी अडकते आणि शेवट आपण करतो. उलट बाजूने शिकवले तर दर वेळी काम पूर्ण करणारे ते स्वतः असते. मोजणीत मात्र असा आडवळणाचा उपाय नाही. मूल ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हणत मण्यांवर बोट ठेवते आणि “मग किती मणी आहेत?” विचारल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते, तेव्हा शेवटचा शब्द म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे त्याला अजून उमगलेले नसते. त्याला शंभरापर्यंत पाठ असले तरी. “मला चार मणी दे” असे सांगून पाहावे. ज्याला उमगले आहे ते चारावर थांबते, दुसरे मूठभर देते. अशा वेळी पाठांतर वाढवू नये, पाचाच्या आत पुष्कळ खेळावे.

कौतुकाविषयी फार लिहीत नाही. ‘हुशार आहेस’ यापेक्षा ‘पहिल्यांदा जमले नाही तेव्हा तू कांडी सोडून पाहिलीस’ असे, केलेल्या कृतीचे नाव घेऊन बोलावे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुले अवघड उदाहरणांत अपयश आल्यावर लवकर नाउमेद झाली. मेहनतीची स्तुती झालेली अधिक टिकली. त्यावरून पुढे जे फलक आणि घोषवाक्ये निघाली, त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही, पण एवढी गोष्ट वर्गात रोज खरी ठरताना पाहिली आहे.

वर्गशिक्षिकांशी बोलणे हा आपल्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण त्या समाधानी आहेत. ‘तुम्ही समजता तसे नाही’ असा सूर लागला तर दार बंद होईल. तीन दिवसांच्या नोंदी घेऊन जा आणि विचारा, “ताई, मी उठल्यावर तो असे करतो, तुम्हाला काय वाटते?” त्याच भेटीत रोजची पाच मिनिटे मागून घ्या, तास सुरू होण्याआधीची. त्यात तीन गोष्टी कळल्या तरी पुरे : आज मुलांनी नेमके काय शिकायचे आहे, कोणते शब्द नवे आहेत आणि या मुलाकडून आज किमान काय अपेक्षित आहे. पहिली गोष्ट फार मोलाची. ‘पान ४२ पूर्ण करणे’ हे शिकणे नव्हे. ‘दशक सुटा करून वजाबाकी करता येणे’ हे शिकणे. हे कळले की चारपैकी दोन उदाहरणे गाळायची मोकळीक आपल्याला मिळते. आणखी एक विनंती त्यांना अवश्य करा : आठवड्यातून काही वेळ त्यांनी स्वतः या मुलाजवळ बसावे आणि तेवढा वेळ आपण वर्गात फिरावे. सर्वांत अडलेल्या मुलाला सर्वांत अनुभवी शिक्षकाचा वेळ मिळायला हवा. मुलाजवळ कायम एकच मोठे माणूस चिकटलेले असेल तर इतर मुलेही त्याच्याशी बोलायचे थांबतात, हेही त्यांच्या कानावर घाला.

पालकांना आधी सांगून ठेवावे लागेल, नाहीतर वही रिकामी दिसू लागताच तक्रार येईल. “पुढचे काही आठवडे पान कमी भरेल, पण जे असेल ते त्याचे एकट्याचे असेल, मी खाली लिहून देईन” असे स्पष्ट सांगा आणि खरोखर लिहून द्या. पानाखाली ‘स्वतः केले’ किंवा ‘एकदा खूण दिली’ एवढे दोन शब्द पुरतात.

मुलांच्या इतक्या जवळ बसणाऱ्या माणसाला कधीतरी असे काही ऐकायला मिळते, ज्याचा अभ्यासाशी संबंध नसतो. कोणी मारते, कोणाची भीती वाटते, कोणी नको तसा स्पर्श करते. अशा वेळी शांतपणे ऐकावे, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, खोदून किंवा उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून काढावेत आणि शाळेत ज्यांच्यावर ही जबाबदारी सोपवलेली आहे त्यांच्याकडे लगेच द्यावेत. तपास करणे हे आपले काम नव्हे. हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. वेळ आल्यावर शोधाशोध करायला लागू नये.

आता त्या मुलाकडे परत येऊ. कारण कळल्यानंतर, आणि ते कान-डोळ्यांचे नसेल तर, मी असे करेन. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याशेजारीच बसेन, पण सुरुवात झाल्यावर “ही दोन ओळींची खूण केली आहे, इथपर्यंत तू एकटा, मी त्या टेबलावर जाऊन येते” असे सांगून उठेन, आणि सांगितल्याप्रमाणे नक्की परत येईन. परत येण्याचा हा शब्द मोडला तर पुढचे काहीच चालणार नाही. परतल्यावर त्या दोन ओळी कोऱ्या असल्या तरी रागवायचे नाही, “कुठे अडले?” एवढेच विचारायचे आणि खूण एका ओळीवर आणायची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंतर वाढवायचे आणि त्याच्या बाकावर एक छोटी पट्टी चिकटवायची : ‘पुन्हा वाचतो, तक्ता पाहतो, शेजाऱ्याला विचारतो, मग बाईंना.’ शक्य तर ही पट्टी त्यानेच लिहावी. मधेच एखादा आठवडा तो मागे जाईल, विशेषतः नवा घटक सुरू झाला की. तेव्हा पुन्हा जवळ बसावे, त्यात कमीपणा नाही. नव्या मजल्याला पुन्हा परांची लागतेच. उलट कान, डोळे, हालचाल किंवा बौद्धिक विकास यांच्याशी संबंधित कायमची अडचण निघाली, तर काही मदत कधीच काढायची नसते. मोठ्या अक्षरांतला कागद, पुढच्या बाकावरची जागा, लिहिण्याऐवजी तोंडी उत्तर, हे त्याच्यासाठी चष्म्यासारखे आहे, आणि ते ‘आता सवय मोड’ म्हणून कोणी काढून घेऊ लागले तर ते टिकवण्यासाठी आपल्याच नोंदी उपयोगी पडतील. तेव्हा वही उद्याच सुरू करा, आणि पहिले तीन दिवस त्याच्या पानाकडे न पाहता त्याच्या हाताकडे आणि नजरेकडे पाहा.